सात दिवसांत तीन फेऱ्या की चार?

१४ ऑक्टोबर २०२४ ला गुरूच्या युरोपा या चंद्राकडं युरोपा क्लिपर हे यान निघालं, त्याच आठवड्यात बेळगावजवळच्या येळ्ळूरला गुरुजींच्या सोप्यात त्यावर बोलणं चाललं होतं. अंतर सुमारे २९० कोटी किलोमीटर, पोचायचं साल २०३०. माझी पुतणी बीएस्सीच्या दुसऱ्या वर्षाला आहे. तिनं विचारलं, “काका, सहा वर्षांनी युरोपा नेमका कुठं असणार हे यांना आत्ताच कसं ठाऊक?” मी म्हटलं, सोपं आहे, युरोपा साडेतीन दिवसांत गुरूभोवती एक फेरी मारतो, तो हिशोब पुढं चालवायचा. गुरुजी माझ्याकडं बघत राहिले. ते मला सातवीला गणित शिकवायचे.

“साडेतीन दिवस हे तुला कुणी सांगितलं?”

“पुस्तकात आहे की.”

“मोजलंयस काय कधी?”

मी उद्यमबागेत एका मशीन शॉपला इन्स्पेक्शनमध्ये आहे. दिवसभर व्हर्नियर आणि मायक्रोमीटर हातात. न मोजता पास केलेला माल माझ्या टेबलावरून पुढं जात नाही. त्यामुळं गुरुजींचा प्रश्न मला चांगलाच लागला. घरात साडेचार इंची परावर्ती दुर्बीण होती, कोल्हापुरात एकाकडून जुनी घेतलेली. तिच्यातून गुरूचे चार चंद्र कितीतरी वेळा बघितले होते, पाहुण्यांनाही दाखवले होते. मोजले मात्र नव्हते.

मग ठरलं. नोव्हेंबरच्या शेवटापासून जानेवारीपर्यंत रोज मोजायचे. प्रत्येक चंद्राचा फेरीचा काळ आणि गुरूपासूनचं अंतर दोन्ही आपलं आपण काढायचं. तोवर मोबाईलवरच्या कुठल्याही ॲपमध्ये चंद्रांच्या जागा बघायच्या नाहीत, हा गुरुजींचा नियम. वेळही बरी होती. ७ डिसेंबरला गुरूची प्रतियुती, म्हणजे पृथ्वी सूर्य आणि गुरू यांच्या मधोमध आणि गुरू रात्रभर आकाशात. वृषभेत रोहिणीच्या जवळ तो असा झळकत होता की शोधायची गरजच नव्हती.

जागा आमच्या खळ्यावरची. सुगीचे दिवस, मळणी चाललेली, भाताच्या राखणीला कुणीतरी खळ्यावर झोपायचंच. उत्तरेला बेळगावचा उजेड आभाळाला लागलेला असतो, पण गुरू पूर्वेकडून उगवून थेट डोक्यावर येतो, त्यामुळं त्याचा त्रास नाही. चौथा गडी आमच्या शॉपमधला टर्नर, म्हणजे लेथ चालवणारा. तो कित्तूरकडचा, घरची भाषा कन्नड, वडगावात खोली घेऊन राहतो. आधी तो नुसता बघायला म्हणून आला आणि मग दर शनिवारी यायला लागला.

पहिला प्रश्न मापाचा. दुर्बिणीतून गुरू ज्वारीच्या दाण्याएवढा दिसतो, शेजारी एका रेषेत चार ठिपके. अंतर मोजायचं कशानं? पहिल्या दोन रात्री आम्ही अंदाजानं लिहिलं, ‘गुरूच्या जाडीच्या पाचपट’, ‘सहापट’. माझा अंदाज आणि पुतणीचा अंदाज यात दीडपटीचा फरक यायचा. असल्या मापावर मी साधा वॉशरसुद्धा पास करणार नाही.

त्यावर उपाय सापडला घड्याळात. दुर्बीण एका जागी स्थिर ठेवली तर पृथ्वीच्या फिरण्यामुळं आकाश तिच्यासमोरून सरकत जातं. आकाशाच्या विषुववृत्तावरचा तारा सेकंदाला १५ विकला सरकतो (एक विकला म्हणजे अंशाचा ३६०० वा भाग). गुरू त्या वेळी विषुववृत्ताच्या २२ अंश उत्तरेला होता, त्यामुळं त्याचा वेग थोडा कमी, १३.९ विकला. म्हणजे दुर्बिणीत एक उभी तार ताणली आणि गुरू तिच्यामागं गेल्यापासून चंद्र तिच्यामागं जाईपर्यंतचे सेकंद मोजले की अंतर हातात आलं. मोजपट्टीचं काम पृथ्वीच करते.

तारेसाठी एका जळक्या रिलेची कॉइल फोडली. आतली तांब्याची तार मायक्रोमीटरवर ०.०६ मिलिमीटर भरली. २५ मिलिमीटरच्या आयपीसच्या, म्हणजे डोळा लावायच्या भिंगाच्या, तोंडाशी आतून जी कडी असते, तिच्यावर दोन तुकडे एकमेकांना काटकोनात चिकटवले. यात तीन संध्याकाळी गेल्या. तार कडीच्या नेमक्या पातळीत बसली नाही तर धूसर दिसते, आणि फेविक्विकचा एक थेंब जास्त झाला की काचेवर पांढरी वाफ धरते. चौथ्या दिवशी जमलं. आडव्या तारेवरून गुरू रुळावरून गाडी जावी तसा सरकू लागला की आयपीस बरोबर फिरवून बसवला असं समजायचं. मग उभ्या तारेशी गुरू आला आणि तारेनं त्याचे बरोबर दोन भाग केले की मोबाईलच्या स्टॉपवॉचवर बोट. मागून चंद्र येतो, तारेमागं साधारण एक सेकंद लपतो, त्या लपण्याच्या मधोमध पुन्हा बोट.

दोन्ही वेळा एकाच माणसानं दाबायचं, हे आम्ही पहिल्याच आठवड्यात शिकलो. प्रत्येकाचं बोट थोडं उशिरा पडतं, पण एकाच माणसाचा उशीर दोन्हीकडं सारखा असतो आणि वजाबाकीत निघून जातो. प्रत्येक चंद्राची पाच वाचनं आणि त्यांची सरासरी. पाचांमध्ये ०.३ सेकंदांपेक्षा जास्त फरक पडला तर ती ओळ रद्द. वहीत तारीख, वेळ, गुरूच्या पूर्वेला की पश्चिमेला, पाच वाचनं, आणि शेवटी आकाश कसं होतं ते. दहिवर फार पडायचं. दहानंतर दुर्बिणीची नळी हाताला ओली लागायची, आरशावर दम धरू नये म्हणून मधल्या वेळात तोंडावर पोतं टाकून ठेवायचो.

चारातला कुठला कोण, हे ओळखणं सगळ्यात अवघड गेलं. ठिपक्यांवर नावं नसतात. गॅनिमीड जरा ठळक आणि कॅलिस्टो मंद आणि लांबवर जाणारा, एवढी दोन माणसं ओळखीची झाली. आयो आणि युरोपा एकमेकांजवळ आले की वाद. कधी चारच्या ठिकाणी तीनच दिसत, चौथा गुरूच्या पुढं किंवा मागं असायचा. १६१० साली ७ जानेवारीला गॅलिलिओलाही पहिल्या रात्री तीनच दिसले होते, चौथा त्याला १३ तारखेला सापडला. ते वाचून पुतणीला धीर आला. आम्ही वादातल्या ओळी पेन्सिलनं लिहायचो आणि पुढच्या रात्रींवरून मागं येऊन शाई द्यायचो.

२२ नोव्हेंबर ते १० जानेवारी या पन्नास रात्रींपैकी एकतीस मिळाल्या. बाकीच्या ढगात, दोन लग्नांत आणि माझ्या सेकंड शिफ्टमध्ये गेल्या. आलेख कागदावर एकेका चंद्राचे ठिपके टाकत गेलो. कॅलिस्टोची लाट आधी उमटली, लांब आणि संथ. एका टोकापासून पुन्हा त्याच टोकापर्यंत १६.७ दिवस. गॅनिमीडचे ७.१५ दिवस. युरोपाला वेळ लागला, पण ३.५५ निघाले.

राहिला आयो. तो सगळ्यात जवळचा, सगळ्यात चपळ. आज पूर्वेला, उद्या पश्चिमेला, परवा पुन्हा पूर्वेला. सात दिवसांनी मात्र जवळपास त्याच ठिकाणी परत दिसायचा, आणि तेवीस दिवसांनी तर तंतोतंत. आमच्या कोष्टकात तेवीस दिवसांत दहा फेऱ्या बसल्या. फेरीचा काळ २.३० दिवस. एकही ठिपका वक्राबाहेर नव्हता. मी त्या पानावर सही केली.

पुढं गुरुजींनी केप्लरचा तिसरा नियम काढला. एकाच ग्रहाभोवती फिरणाऱ्या सगळ्या चंद्रांसाठी अंतराचा घन भागिले काळाचा वर्ग हा आकडा सारखाच यायला हवा. एका टोकाला असतानाची जास्तीत जास्त अंतरं आम्ही सेकंदांतच ठेवली होती: आयो १०, युरोपा १६.२, गॅनिमीड २६, कॅलिस्टो ४५.५. ही फक्त डिसेंबरची, कारण जानेवारीत गुरू लांब जायला लागला आणि सगळीच मापं थोडी आक्रसली. गुरुजी कॅल्क्युलेटरवर आकडे मारत गेले आणि पुतणी लिहीत गेली. कॅलिस्टो ३३८. गॅनिमीड ३४४. युरोपा ३३७. तिसऱ्या आकड्याला गुरुजींच्या चेहऱ्यावर जो आनंद आला, तो मी शाळेतही बघितला नव्हता. मग आयो: १८९.

“पुन्हा मार.” पुन्हा १८९.

मला आधी अंतराचाच संशय आला. आयो गुरूच्या झगझगाटात असतो, तिथं बोट चुकत असेल. पण हिशोब मांडून बघितला. २.३० दिवस खरे धरले तर आयोचं अंतर १२ सेकंदांच्या वर हवं. म्हणजे माझ्या मापात दोन सेकंदांची चूक. जिथं पाच वाचनांत ०.३ सेकंदांचा फरक आम्ही चालवून घेत नव्हतो, तिथं दोन सेकंद कुठून येणार? मापात खोट नव्हती. तरी चार दिवस मी नुसती वही उलटत होतो, कारण काळाचा आलेखही तितकाच स्वच्छ होता.

उत्तर दिलं ते टर्नरनं. जेवणाच्या सुट्टीत त्याला सगळं सांगितलं, की रोज रात्री नऊला बघतो, सात दिवसांनी चंद्र तिथंच येतो, तीन फेऱ्या बरोबर बसतात. तो म्हणाला, “अण्णा, तीनच कशावरनं? चार पण बसतंय की.” मग आमच्या जुन्या शेडमधल्या ट्यूबलाईटकडं बोट करून म्हणाला, “चक फिरायलेला असतोय आणि उभा दिसतोय. तसंच हाय हे.”

लेथवर काम केलेल्या कुणालाही हे वेगळं सांगायला नको. ट्यूबलाईट सेकंदाला शंभर वेळा लुकलुकते. चक म्हणजे लेथवर काम पकडून फिरवणारा भाग; त्याचे तीन जबडे दर लुकलुकीला एकमेकांच्या जागी आले तर चक थांबलेला वाटतो, वेग किंचित कमी असेल तर उलटा फिरताना दिसतो. अप्रेंटिसला पहिल्याच दिवशी बजावतात, चक थांबलाय का हे डोळ्यांवर ठरवू नको, हात लावायच्या आधी स्विच बघ. आम्ही रोज रात्री नऊला एकदाच डोळा उघडत होतो. आमची ट्यूबलाईट दिवसाला एकदा लुकलुकत होती. मधल्या चोवीस तासांत आयो काय करतो ते आम्ही बघितलंच नव्हतं. तेवीस दिवसांत दहा फेऱ्या बसतात आणि तेराही बसतात. तेरा धरल्या तर काळ येतो १.७६९ दिवस. रोज नऊला बघणाऱ्याला या दोन्हींत काहीही फरक दिसत नाही.

फरक दिसतो तो एकाच रात्रीत, आणि तोही अगदी ठसठशीत. खरा वेग कळला नाही तर चंद्र उलट्या दिशेनं फिरतोय असं वाटतं, चकासारखंच. त्या शनिवारी आयो नऊ वाजता गुरूपासून चार सेकंदांवर होता. २.३० चं कोष्टक म्हणत होतं की तो आत येतोय, साडेअकराच्या आसपास गुरूला जाऊन चिकटेल. १.७६९ चं म्हणत होतं की तो बाहेर जाईल.

मी खळ्यावर घोंगडं टाकलं. गुरुजी थंडीचे नऊच्या पुढं कधी थांबत नसत, त्या दिवशी मफलर गुंडाळून खुर्ची घेऊन बसले. दहा वाजता पुतणीनं मोजलं. पाच सेकंद. “बाहेर जायलाय,” ती म्हणाली. मी म्हटलं, थांब, अजून एकदा. अकराला साडेसहा. तोवर गुरू डोक्यावर आला होता, तिथं दुर्बीण वळवायला आणि डोळा लावायला फार त्रास होतो, मान अवघडते. एक वाजता साडेआठ. कोष्टकानं ज्याला गुरूत लपवलं होतं, तो आमच्या डोळ्यांसमोर पार टोकाकडं निघाला होता. तीन वाजता साडेनऊच्या वर. गुरुजींनी आयपीसला डोळा लावला आणि बराच वेळ काढला नाही.

आयोचा आकडा नव्यानं काढला, ३१९ आला. बाकीच्या तिघांपेक्षा पाच-सहा टक्क्यांनी कमी. पण दहा सेकंदांत ०.३ ची शंका म्हणजे तीन टक्के, आणि घन केला की ती नऊ होते. मापाच्या चौकटीत बसतो. मी दुसऱ्यांदा सही केली, पहिली सही तशीच ठेवून.

आता चार काळ एकाखाली एक लिहिले होते आणि पुतणी त्यांच्याकडं बघत होती. १.७७, ३.५५, ७.१५. “काका, दुप्पट दुप्पट हायेत बघ.” मला हे वाचून माहीत होतं, पण आमच्याच वहीत दिसल्यावर अंगावर काटा आला. आयोच्या चार फेऱ्या, युरोपाच्या दोन, गॅनिमीडची एक. जोवर आयोचे २.३० होते तोवर ही जोडी आमच्या वहीत नव्हतीच.

त्या रविवारी गुरुजींच्या सोप्यात जी चर्चा झाली ती ऑक्टोबरमधल्यासारखी नव्हती. आयो आणि युरोपा कक्षेत दरवेळी त्याच ठिकाणी जवळ येतात, त्यामुळं युरोपाचा ओढा आयोला दरवेळी तिथंच बसतो आणि आयोची कक्षा पूर्ण गोल होऊच शकत नाही. आयो कधी गुरूच्या किंचित जवळ, कधी किंचित लांब. गुरूची ओढ कमी-जास्त होत राहते आणि आयोचं अख्खं अंग कणकेसारखं मळलं जातं. तार वाकवून सरळ, वाकवून सरळ केली की हाताला चटका बसतो, तीच ही उष्णता. पील, कॅसन आणि रेनॉल्ड्स या तिघांनी हे गणित मांडून १९७९ च्या २ मार्चला छापलं की आयोचा आतला भाग वितळलेला असावा. ५ मार्चला व्हॉयेजर १ गुरूजवळून गेलं. ९ मार्चला लिंडा मोराबिटो या अभियंतीला यानाच्या आदल्या दिवशीच्या फोटोत आयोच्या कडेवर एक छत्रीसारखा ढग दिसला. ती यानाचा मार्ग तपासण्यासाठी फोटोतले मंद तारे शोधत होती. तो ढग ज्वालामुखीचा होता, शेकडो किलोमीटर उंच. मला या गोष्टीत सगळ्यात जास्त आवडतं ते हेच, की तो मोजणी करणाऱ्या माणसाला सापडला.

युरोपालाही हीच मळणी लागते, फक्त कमी. वर बर्फ आणि खाली खाऱ्या पाण्याचा समुद्र असावा तो याच उष्णतेमुळं, आणि क्लिपर निघालंय ते त्यासाठी. टर्नरनं विचारलं, मग ते युरोपाभोवतीच का फिरणार नाही? कारण तिथला किरणोत्सर्ग इतका तीव्र आहे की यंत्रं फार दिवस टिकणार नाहीत. म्हणून यान गुरूभोवती लांबट फेऱ्या मारणार आणि एकोणपन्नास वेळा युरोपाजवळून झटकन निघून जाणार. गुरुजींच्या शेतात सोलर पंप आहे, त्यांनी विचारलं तिथं त्याचं काय होईल. गुरू सूर्यापासून आपल्या ५.२ पट लांब, म्हणजे ऊन सत्ताविसाव्या भागाचं. म्हणून क्लिपरचे पंख पसरल्यावर तीस मीटरच्या वर जातात. आमच्या खळ्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत, मी पावलं टाकून दाखवलं.

गुरूचं वस्तुमान हे शेवटचं काम. इथं एक आकडा बाहेरून घ्यावा लागला, गुरूचं प्रतियुतीच्या वेळचं अंतर, ६१.२ कोटी किलोमीटर. त्यावरून कॅलिस्टोचे ४५.५ सेकंद म्हणजे सुमारे १८.८ लाख किलोमीटर. आपला चंद्र ३,८४,४०० किलोमीटरवर २७.३२ दिवसांत फिरतो. दोन्हींची तुलना केली आणि गुरू पृथ्वीच्या ३११ पट जड निघाला. मग नियम सुटला, पुस्तक उघडलं. ३१८. जळकी रिले, मोबाईल आणि खळं एवढ्या भांडवलावर अडीच टक्क्यांच्या आत.

जानेवारीच्या मध्यात वही बंद करायचं ठरलं होतं, पण एका गुरुवारी सव्वाआठच्या सुमारास गुरूच्या पूर्वेला, कडेपासून जरा अंतरावर, जिथं काहीच नव्हतं तिथं एक ठिपका उमटायला लागला. आधी शंका, मग मंद ठिणगी, मग आयो. प्रतियुतीनंतर गुरूची सावली थोडी बाजूला पडलेली दिसते आणि चंद्र तिच्यातून असे मोकळ्या आकाशात बाहेर येतात. याच वेळा नोंदवून रोमरनं १६७६ मध्ये दाखवलं की प्रकाशाला यायला वेळ लागतो. आमच्यापर्यंतच तो प्रकाश अर्ध्या तासाहून जास्त चालत आला होता. पुतणीनं १.७६९ ला चारनं गुणलं आणि पुढच्या गुरुवारची वेळ लिहून ठेवली, दहाला एक मिनिट कमी.

पुढच्या गुरुवारी चौघंही होतो. नऊ एकोणसाठ झाले, काही नाही. दहा झाले. टर्नर म्हणाला, “येतंय, थांबा.” दहा वाजून चार मिनिटांनी तो आला. पुतणीनं आधीच्या वेळेशेजारी नवी वेळ लिहिली, वजाबाकी केली आणि पाचला चारनं भागायला घेतलं.